नाकाचा पंचनामा

उज्ज्वलानं कागदाची पहिली पुडी माझ्या नाकाखाली धरली आणि म्हणाली, "आजी, डोळे मिटा आन् सांगा, काय हाय?"

मी डोळे मिटले, पण एक जरा किलकिला ठेवला. काही उपयोग झाला नाही. तिच्या तोंडाला मास्क, मास्कवर प्लास्टिकची काच, काचेवर तिच्याच श्वासाची वाफ. भुवया तेवढ्या दिसत होत्या, त्याही घामानं खाली ओघळल्यासारख्या. नुसत्या भुवयांवरनं माणसाला काय कळणार?

"कॉफी," मी म्हटलं.

तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि दुसरी पुडी धरली.

"हिंग."

तिसरी धरताना तिचा हात जरा लांबच थांबला. मी ताडलं, वास उग्र असणार. म्हटलं, "कापूर. आन् भेसळीचा हाय. देवळातला असा नसतो."

उज्ज्वलानं वही मिटली. पहिल्या पुडीत कापूर होता. दुसरीत ठेचलेलं आलं. तिसऱ्या पुडीत काहीच नव्हतं. कोरा कागद दुमडून आणला होता, माणूस खरं बोलतंय का नाही ते बघायला. डॉक्टरांनीच तिला तसं शिकवलं होतं.

कोरोनाच्या पहिल्या वर्षातली, जुलै महिन्यातली ही गोष्ट. जागा आमच्या वाडीची प्राथमिक शाळा, इयत्ता दुसरीचा वर्ग. उज्ज्वला आमची आशाताई, रोज सकाळी येऊन ताप बघायची. मी परदेशातनं आलेली, त्यामुळं घरी न जाता शाळेत मुक्काम. त्या दिवशी माझा सहावा दिवस होता.

आमची वाडी सांगलीकडं, घाटमाथ्याला. शेती नावापुरती. घरटी एक माणूस सोनं गाळायला परमुलखात गेलेला. त्याला आमच्यात गलाई म्हणतात. जुने दागिने, सोनारांच्या दुकानातली झाडलोट वितळवायची, तेजाबात उकळायची आणि त्यातनं चोख सोनं काढायचं. माझा भानुदास हेच काम शारजात करतो. त्याच्या घरी उशिरा पाळणा हलला म्हणून मी जानेवारीत बाळंतपणाला गेले, ती विमानं बंद झाली तशी तिथंच अडकले. जुलैत कसंबसं एका खास विमानात बसायला मिळालं.

नियमांचं म्हणाल तर अजून मला त्यांचा मेळ लागलेला नाही. विमानात बसताना चौदा दिवसांच्या कागदावर सही घेतली. मुंबईला उतरल्यावर एकानं सांगितलं, सात दिवस सरकारी जागेत आणि सात दिवस घरी. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, ते कालपर्यंत होतं, आज बदललंय, पण काय बदललंय ते अजून आलेलं नाही. तालुक्याला उतरलो तिथं परत चौदा, तेही शाळेतच. आणि आमच्या वाडीच्या समितीनं आपल्या अधिकारात ठराव केलेला, बाहेरून येणारा एकवीस दिवस गावात पाऊल टाकणार नाही. मुंबईला हातावर शाईचा शिक्काही मारला होता, कधीपर्यंत वेगळं राहायचं त्या तारखेचा. पण माझा हात पडला गोंदलेला. तारीख नेमकी गोंदणातल्या तुळशीवर उमटली. अकरा का सतरा, कुणालाच वाचता येईना. शेवटी उज्ज्वलानंच निकाल दिला. रोज येणारी तीच होती, म्हणून तिचा नियम खरा. सात दिवस शाळेत काढायचे, काही लक्षण दिसलं नाही तर आठव्या दिवशी घरी जायचं.

मला घरी जायचं होतं. दुसरं काही नको होतं. घरी मालक एकटे होते. अख्खी वाडी त्यांना तात्या म्हणते. तीस वर्षं भट्टीपुढं तेजाबाचा धूर खाल्लेला माणूस. छातीचा भाता झालेला. दारापासनं गोठ्यापर्यंत जायचं तर मधे एकदा टेकावं लागतं. सहा महिने शेजारणीच्या भाकरीवर दिवस काढत होते. फोनवर 'बरा हाय' म्हणायचे, पण ते दोन शब्द बोलायला मधे दोनदा खोकायचे. तो खोकला दर महिन्याला खोल चाललाय, हे मला शारजात बसून कळत होतं. आणि उज्ज्वलानं पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं की असल्या छातीत हा रोग शिरला तर चार दिवस पुरे होतात. म्हणजे मला लवकर घरी पोचायचं होतं, आणि पोचताना बरोबर काही न्यायचं नव्हतं. मी ह्या दोन्हीच्या मधे त्या दुसरीच्या वर्गात बसले होते.

आता खरी गोष्ट सांगते. मला वास येत नाही. तेव्हा सुद्धा येत नव्हता. एक्केचाळीस वर्षं झाली होती तेव्हा, आता मोजायचं सोडून दिलंय.

पण हे कुणालाच माहीत नव्हतं. माहीत होतं ते उलटंच. पंचक्रोशीत 'अक्काचं नाक' म्हणून माझ्या नाकाची ख्याती. बायका तुपाचे डबे घेऊन यायच्या, भेसळ आहे का सांगा म्हणून. मी डबा नाकाशी न्यायची, डोळे मिटायची, पण त्याच्या आधी आणणारीचं तोंड बघून घ्यायची. जिला संशय असतो ती डबा जरा जोरात खाली ठेवते. सदा पवाराच्या सुनेला दिवस गेलेत हे तिच्या नवऱ्याच्या आधी मी सांगितलं होतं, पदराच्या वासावरनं ओळखलं म्हणून. शेजारच्या वर्गात नेपाळातनं परतलेले आमच्याच वाडीचे दोन गलाईवाले होते, त्यांना मी आल्या आल्या सांगून ठेवलं होतं की शारजाच्या शेखनं मला अत्तर पारखायला गाडी पाठवली होती. दोघांनी हात जोडले होते.

हे सगळं मी माणसाच्या तोंडावरनं करत आले. वास आला की माणसाचे गाल आधी सांगतात. चांगला असेल तर गाल वर जातात, घाण असेल तर नाकपुडीजवळ एक वळी पडते, जळका असेल तर मान आधी स्वयंपाकघराकडं वळते. एवढं बघायला शिकलं की नाकाचं काम भागतं. आणि मग एक दिवस सगळ्या दुनियेनं तोंडाला फडकं बांधलं. लोकांना त्या रोगाची भीती वाटत होती, मला तर कुणाचा गालच दिसेना.

उज्ज्वला दोन पावलं मागं सरकली. "आजी, तुम्हाला वास येत न्हाई? तुम्हाला?"

तिच्या लेखी हे सगळ्यात वाईट होतं. दुसऱ्या कुणाचं गेलं असतं तर सर्दी म्हणाली असती. अक्काचं नाक गेलं म्हणजे रोगाचा पुरावाच. मी म्हटलं, अगं, हे आजचं नाही. तिनं विचारलं, मग कधीचं? आणि माझ्या जिभेला सवय अशी की खरं ओठापर्यंत आलं की शेजारचं काहीतरी दुसरंच पुढं ढकलते. मी म्हटलं, विमानात कान बसले ना, त्याच्याबरोबर नाकबी बसलं.

तिनं ते वहीत लिहिलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर गेडाम दुपारी आले. चंद्रपूरकडचं पोर, वर्षाचीही नोकरी झालेली नसेल. डोक्यापासनं पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, आतनं नुसता शिजत असणार. दारातच उभे राहून त्यांनी विचारायला सुरुवात केली. मी सांगितलं, जुनं आहे, पहिल्या बाळंतपणात गेला वास.

त्यांनी वही बघितली. "इथं तर विमानात लिहिलंय."

मी म्हटलं, ते आपलं गमतीनं.

"मग गंमत कोणती आणि खरं कोणतं, आजी?"

मी म्हटलं, खरं म्हणजे लहानपणी झोपाळ्यावरनं पडले होते, नाकावर. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ ते माझ्याकडं बघत राहिले असावेत, चष्म्यावर वाफ होती त्यामुळं सांगता येत नाही. मग म्हणाले, घरात कोण आहे ज्याला हे माहीत असेल? मी काही बोलायच्या आत उज्ज्वलानं तात्यांचा नंबर सांगितला.

फोन त्यांनी मोठ्यानं लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या मिसेसना वास येतो का? पूर्वीपासून कसा आहे?

पलीकडनं आधी खोकला आला, मग मालकांचा आवाज. "साहेब, तिच्या नाकाला जिल्ह्यात तोड न्हाई."

आणि जे सुरू झालं ते थांबेना. त्रिचूरला आमचं दुकान होतं तिथं एकदा भिंतीतली वायर जळत होती ती हिनं वासावरनं ओळखली आणि दुकान वाचवलं. दूध उतू जायच्या आधी हिला मागच्या खोलीत कळतं. मोगरा आणला तर पुडी सोडायच्या आधी सांगते. दर वाक्याला खोकायचे आणि परत जोर लावून सांगायचे. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. आणि त्यांचा एकेक शब्द मला घरापासनं लांब ढकलत होता. थांबा म्हणायला तोंड उघडलं तर काय सांगणार होते?

डॉक्टरांनी फोन बंद केला आणि वहीत ओळीखाली रेघ मारली. परदेशातनं आलेली बाई, वय साठच्या वर, चांगला वास येत होता तो नुकताच गेला. त्यांच्या लेखी प्रश्न मिटला होता. उद्या दहाला गाडी येईल, तालुक्याच्या सेंटरला जायचं, तिथं तपासणी. निकाल यायला तीन-चार दिवस. ते गेल्यावर उज्ज्वला खिडकीबाहेर बघत म्हणाली, तिथं संशयित आणि खरे दोन्ही एकाच हॉलमधे ठेवतात असं ऐकलंय. म्हणजे रोग नसला तरी तिथनं घेऊन येण्याची सोय होती. आणि मी घरी आणणार कुणाला, तर त्या छातीला.

संध्याकाळी मी मालकांना फोन केला. म्हटलं, ऐका, मला खरंच वास येत नाही, लई जुनं आहे. डॉक्टरांना तसं सांगा, म्हणजे गाडी टळेल.

ते हसले. हसता हसता खोकले. म्हणाले, गाडीत बसायची भीती वाटती व्हय तुला? मी शपथ घातली. तर म्हणाले, तुझ्या शपथा मी लग्नापासनं ऐकतोय. मग म्हणाले, "सकाळी येतो मी. रडू नको."

मी रडत नव्हते. पण त्यांना तसं वाटलं ते बरंच झालं.

घरापासनं शाळा दहा मिनिटांवर. मालक आठला निघाले आणि नऊला पोचले. फाटकातनं आत आले ते भिंतीला हात लावून. पटांगणात उज्ज्वलानं फक्कीची रेषा मारली होती, आमच्या व्हरांड्यापासनं वीसेक पावलांवर. भेटायला येणाऱ्यानं रेषेपलीकडं थांबायचं. ते तिथं एका दगडावर बसले आणि श्वास खाली बसायची वाट बघत राहिले. डॉक्टर आलेले होते. उज्ज्वला वही घेऊन उभी. नेपाळवाले दोघे खिडकीला लागलेले. फाटकाबाहेर गाडी येऊन थांबलेली.

एवढ्या अंतरावरनं बोलायचं म्हणजे ओरडायचं. जे एका उशीवर डोकी ठेवून कधी बोलले नाही, ते मला शाळेच्या पटांगणात ओरडून सांगायचं होतं.

"मला वास येत न्हाई," मी ओरडले.

मालक हसले. "मग त्रिचूरला मोगरा आणायचो त्यो?"

"केळीच्या सोपटात बांधलेला असायचा. ते बघून सांगायची."

"वायर जळाली ती?"

"दिवा फडफडत होता."

"आन् सदाच्या सुनंचं?"

"विहिरीवर चिंच खाताना बघितली."

खिडकीतनं हसल्याचा आवाज आला. नेपाळवाल्यातला एक सदाचा सख्खा भाऊ होता. मालक मात्र आता हसत नव्हते. त्यांनी अजून दोन-तीन गोष्टी विचारल्या. दूध, भाऊबंदांच्या घरातला मेलेला उंदीर, शेजारच्या म्हाताऱ्याची लपवलेली बाटली. मी एकेकाचं सांगत गेले. दुधाचा आवाज ऐकायची, उंदराच्या आधी मुंग्या बघितल्या होत्या, बाटलीचं त्याच्या बायकोनंच सांगितलं होतं. प्रत्येक उत्तराला त्यांचे खांदे जरा खाली येत होते. माझ्या नाकाला ह्या माणसानं किती जीव लावला होता, हे मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी विचारलं ज्याची मला भीती होती. "कवापासनं?"

मी डॉक्टरांकडं बघितलं. विमान, बाळंतपण, झोपाळा, तीन गोष्टी आधीच वहीत होत्या. चौथी तयार करायला मला काही वेळ लागला नसता. पण चौथीवर कुणी विश्वास ठेवला नसता, आणि गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला.

"भाना तीन महिन्याचा असताना," मी म्हटलं. "तुम्ही धुराड्याचा पाइप साफ करायला काढला होता, त्या दिवशी."

एवढ्यानंच त्यांना सगळं कळलं. मला पुढचं ओरडावंच लागलं नाही.

त्रिचूरला पुढं भट्टी आणि मागं आमची एक खोली, मधे गोणपाटाचा पडदा. धूर वर जायला एक मोठा पाइप होता. त्या दिवशी मालकांनी तो काढून अंगणात ठेवला, घासला आणि लावायचा विसरले. तेजाबाचं भांडं चुलीवर चढवलं आणि एका सोनाराकडं गेले, आलोच म्हणून. मी भानाला पाजत होते. पडद्याखालनं तांबडा-पिवळा धूर रांगत आत आला. मी पोराला शेजारणीच्या पायरीवर ठेवलं, पदर भिजवून तोंडाला बांधला आणि आत जाऊन ते भांडं ओल्या पोत्यानं उचलून मागच्या अंगणात नेलं. एवढंच. मालक आले तेव्हा पाइप जागेवर होता, तो मीच लावला होता. माझं नाक आठ दिवस वाहत होतं. त्यांनी विचारलं तर सर्दी म्हटलं. पंधरा दिवसांनी एकदा भात करपून कोळसा झाला आणि मला कळलं नाही, तेव्हा मला समजलं काय गेलंय ते.

सांगितलं का नाही? त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा थोरला भाऊ ह्याच धुरानं गेला होता. तेव्हा त्यांनी बोलून दाखवलं होतं की माझ्या घरातल्या कुणाला काही झालं तर दुकान बंद करून वाडीला परत जाईन. गेलेच असते, त्या बाबतीत माणूस सरळ. त्यांना लागेल म्हणून मी गप्प बसले असं मी स्वतःला सांगत आले. पण वाडीला माझी सासू होती. त्रिचूरला माझी स्वतःची चूल होती, कुलपाची किल्ली माझ्या कमरेला होती. निम्मं कारण ते होतं. हे मात्र मी पटांगणात ओरडले नाही.

मालक दगडावरनं उठले. रेषेपर्यंत आले. डॉक्टर मागं सरकले. मालक म्हणाले, "लिहा, साहेब."

त्यांनी सांगितलेलं डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी तातोबा रामचंद्र जाधव लिहून देतो की माझ्या बायकोचा वास सन एकोणीसशे एकोणऐंशी साली त्रिचूर मुक्कामी गेला. इथं डॉक्टर म्हणाले, बस, एवढं पुरे, सही करा. मालक म्हणाले, पुढचं बी लिहा. पाइप मी काढला होता. परत लावायचा मी विसरलो. तिची ह्यात काही चूक नाही.

डॉक्टरांनी उज्ज्वलाकडं बघितलं, उज्ज्वलानं जमिनीकडं. मग त्यांनी तेही लिहिलं. कागद दगडावर ठेवला, मालकांनी सही केली आणि माझ्याकडं न बघता भिंतीला हात लावत फाटकातनं बाहेर पडले.

गाडी रिकामी परत गेली. डॉक्टरांनी मला सांगितलं, आजी, उद्या तुम्ही मोकळ्या. घरी जा, आणखी सात दिवस वेगळ्या खोलीत राहा.

मला हवं होतं ते मिळालं होतं. मी पिशवी भरायला घेतली आणि अर्धी भरल्यावर हात थांबला. वेगळी खोली कुठली? आमचं घर म्हणजे पुढची खोली आणि मागची खोली, मधे दारसुद्धा नाही. आणि दुसरं म्हणजे, बाकीच्या माणसांना निदान वास गेला की कळतं. मला कसं कळणार? रोग आत येऊन बसला असला तरी माझ्या घराला घंटाच नव्हती.

मी डॉक्टरांना गाठलं आणि म्हटलं, माझी तपासणी करा.

ते म्हणाले, तुम्हाला लक्षण नाही, आजी. लक्षण नसताना करता येत नाही.

म्हटलं, काल तर करणार होता.

"काल ते लक्षण होतं. आज ते जुनं दुखणं आहे."

"नाक तर तेच हाय की."

ते वही पिशवीत भरायला लागले. मग मी सांगितलं, तसं असेल तर मी घरी जात नाही. तर ते म्हणाले, त्यांच्या नियमात सात दिवसांच्या वर ठेवता येत नाही. आत्तापर्यंत मला बाहेर सोडत नव्हते, आता आत ठेवत नव्हते. उज्ज्वलाला तेवढ्यात वाडीच्या समितीचा ठराव आठवला. एकवीस दिवस. त्याच्या आधारानं तिनं मला आणखी सात दिवस दुसरीच्या वर्गात ठेवून घेतलं. समितीतल्या लोकांना फार आनंद झाला, अर्धामुर्धा का होईना, त्यांचा ठराव मानणारी मी पहिलीच.

मी उज्ज्वलाकडनं मालकांना निरोप धाडला, अक्का आणखी सात दिवस शाळेतच राहणार. का, ते सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं त्यांना कळेल.

उज्ज्वला दुसऱ्या दिवशी आली ती ताप न बघता नुसतीच उभी राहिली. म्हणाली, तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, बरोबर हाय तिचं. ती कशाला येईल आता माझ्या घरात.

मी फोन लावला. उचलला नाही. परत लावला, बंद. शेजारणीला लावला तर ती म्हणाली, कालची भाकरी तशीच आहे. मी त्यांच्या छातीला जपायला इथं बसले होते, आणि ते तिकडं उपाशी बसले होते, मी रागावले म्हणून. खोटं बोलून मी हा संसार चाळीस वर्षं नीट चालवला. एकदा खरं बोलले तर ही गत. फाटक उघडं होतं. मला कुणी धरलं नव्हतं. दोनदा मी व्हरांड्याच्या पायरीपर्यंत गेले आणि दोनदा परत येऊन बाकावर बसले. बाक दुसरीच्या पोरांचा, गुडघे हनुवटीला लागायचे.

तिसऱ्या दिवशी मी उज्ज्वलाला समोर बसवलं आणि म्हटलं, शब्द न् शब्द पाठ कर. त्यांना सांग, रागानं राहायचं असतं तर एकोणऐंशी सालीच राहिले असते. आता राहिलेय ते तुमच्या छातीसाठी. आणि भाकरी खाल्ली नाही तर मी आत्ता येते, मग काय व्हायचं ते होऊ दे.

ती गेली. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर फाटक वाजलं. मालक आत आले, दगडावर बसले. तोंडाला टॉवेल बांधलेला. बोलले काहीच नाहीत. मी व्हरांड्यात बसले. तासभर बसून ते उठून गेले. मग रोज यायला लागले. शेजारणीची शेळी व्याली, भानाचा फोन आला होता, नळाला पाणी नाही, असलं काहीतरी एखादं वाक्य टाकायचे. मी 'व्हय' म्हणायची. त्रिचूरचं नाव कुणी काढलं नाही.

चौदावा दिवस भरला. ताप नाही, खोकला नाही, काही नाही. उज्ज्वलानं कागद हातात दिला आणि म्हणाली, जावा आजी. मालक त्या दिवशी सकाळीच आले होते. मी पिशवी घेऊन पटांगण ओलांडलं आणि फक्कीच्या रेषेशी थांबले. रेषा पुसट झाली होती, तरी दोघंही तिच्या दोन बाजूंना उभे राहिलो.

त्यांनी खाली बघत विचारलं, "लई झोंबलं व्हतं का गं, त्या दिवशी?"

"कुठलं," मी म्हटलं. "चार शिंका आल्या, झालं. उलट डोकं हलकं झालं."

त्यांनी मान वर केली. माझ्या तोंडाकडं बघितलं.

"खोटं," ते म्हणाले.

पंचेचाळीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा पकडलं होतं. जिभेवर पुढची थाप तयार होती, ती तिथंच राहिली.

"व्हय," मी म्हटलं. "लई झोंबलं."

त्यांनी मान हलवली आणि पिशवी घ्यायला हात पुढं केला.